तीन तोंडांचा रिसीव्हर

पद्मनाभ पतंगे यांच्या घरात कुठलीही वस्तू एकटी नांदत नाही. छत्र्या दोन, चष्मे दोन, गॅसला लायटर, लायटर रुसला तर काडेपेटी, आणि ती सादळली तर म्हणून फडताळात मागे आणखी एक काडेपेटी, जी आणल्यापासून सादळलेलीच आहे. हॉलमध्ये इंटरनेटवर चालणारा नवा टीव्ही आहे, तरी जुना पोट सुटलेला टीव्ही केबलच्या डबीसकट ‘राखीव’ म्हणून सासूबाईंच्या खोलीत ठेवलेला आहे. "या घरात जोडी नसलेली वस्तू म्हणजे मी एकटीच," असं श्यामलाबाई एकदा म्हणाल्या. त्यावर पद्मनाभरावांनी इतका वेळ गंभीरपणे विचार केला, की बाईंनी पुन्हा म्हणून तो विषय काढला नाही.

स्वभाव असा असला की नोकरीही त्याला साजेशीच मिळते. पद्मनाभराव बेंगळुरूत महादेवपुऱ्याच्या एका कंपनीत टीव्ही चॅनेलांचे रिसीव्हर सांभाळतात. हा रिसीव्हर म्हणजे आपल्या घरातली डबी नव्हे. हे लांबरुंद, जड आणि सदैव गुरगुरणारं यंत्र असतं आणि त्याला तीन तोंडं असतात. पहिल्या तोंडाने ते आकाशातून चित्र खातं. तिथला पुरवठा तुटला तर दुसऱ्या तोंडाने इंटरनेटवरून, आणि तेही आटलं तर तिसऱ्या तोंडाने, जे मिळेल ते. ही अदलाबदल ते आपली आपण करतं, बघणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. माणसाचा संसारही असाच चालावा असं पद्मनाभरावांचं मत होतं, फक्त ते घरात बोलून दाखवायची सोय नव्हती.

एवढा तज्ज्ञ माणूस बिल्डिंगमध्ये राहतो म्हटल्यावर गेल्या वर्षी क्रिकेटची फायनल पार्किंगमध्ये पडद्यावर दाखवायचं काम त्यांच्याच गळ्यात पडलं. शेवटच्या षटकापर्यंत सगळं झकास चाललं होतं. शेवटचा चेंडू टाकायला गोलंदाज धावत निघाला आणि पडदा काळाठिक्कर पडला. पद्मनाभराव वायरी उपटत होते, खोचत होते, पुन्हा उपटत होते आणि तोंडाने ‘स्वल्प ताळी, स्वल्प ताळी’, म्हणजे जरा थांबा, जरा थांबा, असा जप चालला होता. तेवढ्यात शेजारच्या बिल्डिंगमध्ये फटाके वाजले. तेव्हापासून बसवनगुडीच्या त्या गल्लीत त्यांना पतंगे असं कोणी म्हणत नाही. भाजीवालासुद्धा ‘स्वल्प ताळी सार, टोमॅटो हवे का?’ असं विचारतो. चार पिढ्या बेंगळुरूत काढून, कापडाच्या धंद्यात नाव मिळवलेल्या पतंगे घराण्याची ही शोभा झाली होती.

अशात श्यामलाबाईंची निवड झाली. एका नव्या चॅनेलवर ‘मोदल तुत्तु’, म्हणजे पहिला घास, नावाची स्वयंपाकाची स्पर्धा होती आणि बाई पुरणपोळी आणि कटाच्या आमटीच्या जोरावर थेट अंतिम फेरीत पोचल्या. अंतिम फेरी लाइव्ह. पुन्हा दाखवणार नव्हते. स्पर्धेचा नियम असा, की बाजूला एक सजवलेली खुर्ची असते, तिच्यात घरचं माणूस बसतं, आणि पदार्थ झाला की पहिला घास सगळ्यांदेखत त्या माणसाला भरवायचा. मग परीक्षक चाखणार.

"खुर्चीत तुम्ही बसायचं हं," श्यामलाबाई म्हणाल्या. सव्वीस वर्षांत त्यांनी नवऱ्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं, म्हणून जरा लाजूनच म्हणाल्या.

"मी?" पद्मनाभराव दचकले. "मग इथं सिग्नल कोण बघणार? सगळी बिल्डिंग पार्किंगमध्ये बसणार आहे. तुझ्या वेळेला चित्र गेलं तर?"

"अहो, स्टुडिओ बोम्मसंद्र्यात आहे. पिवळ्या मेट्रोत बसलं की सरळ तिथं. तुमचं ते चित्र तिथून आभाळात जाणार, आभाळातून खाली बसवनगुडीत येणार, आणि मग तुम्ही मला बघणार. त्यापेक्षा मेट्रोने या की, सरळ समोर दिसेन."

"मेट्रोला बॅकअप नाही," पद्मनाभराव म्हणाले. श्यामलाबाईंनी डाळ निवडायला घेतली. ज्या नवऱ्यांची लग्नं जुनी झाली आहेत त्यांना बायकोने अशा वेळी डाळ निवडायला घेणं म्हणजे काय ते कळतं. पद्मनाभरावांचं लक्ष मात्र गच्चीकडे होतं.

कंपनीत एक जुना रिसीव्हर भंगाराची वाट बघत पडला होता. तो चार दिवसांसाठी घरी न्यायला साहेबांनी हसत हसत परवानगी दिली. घोड्याने पेंड खाल्ली ती फाटकावर. वस्तू परत येणारी असेल तर गेटपास हिरवा आणि न येणारी असेल तर गुलाबी. ही वस्तू परत येणार होती, पण परत येऊन भंगारात जाणार होती. पहारेकऱ्याने बराच विचार करून सांगितलं की परत येऊन जाणाऱ्या वस्तूला रंग नाही, सबब ती इथून जाऊ शकत नाही. पद्मनाभराव तीन वेळा स्टोअरमध्ये आणि तीन वेळा फाटकावर गेले. शेवटी स्टोअरवाल्याने हिरव्या पासावर गुलाबी पास टाचून दिला आणि पद्मनाभराव ते यंत्र आजारी नातेवाइकासारखं मांडीवर घेऊन रिक्षाने घरी आले.

मग छत्री. पावसाची नव्हे, गच्चीवर लावायची डिश. गच्ची सोसायटीच्या ताब्यात आणि सोसायटी सुब्बारावांच्या. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ पतंग्यांच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहत आणि सेक्रेटरी या नात्याने प्रत्येक गोष्टीला आधी ‘आगोदिल्ला’, म्हणजे जमणार नाही, असं म्हणून मग चष्मा शोधत. रस्त्यावरून दिसेल अशी कुठलीही वस्तू गच्चीवर लावायला बंदी आहे, त्यासाठी सर्वसाधारण सभा बोलवावी लागेल, आणि सभा बोलवायची तर एकवीस दिवसांची नोटीस, असं त्यांनी ऐकवलं.

"पण कार्यक्रम येत्या रविवारी आहे हो," पद्मनाभराव काकुळतीला आले.

"काय करणार आहेत वहिनी?"

"पुरणपोळी. तुपातली. आणि कटाची आमटी."

सुब्बारावांचा चष्मा सापडला. पतंग्यांच्या घरी होळीला पोळ्या होत तेव्हा हे गृहस्थ जिन्यात उगीच गळक्या नळांची चौकशी करत फिरत, हे साऱ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. पद्मनाभरावांच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. खुर्ची रिकामी राहणार, ही टोचणी त्यांनाही होतीच. मग खुर्चीलाही राखीव माणूस का नको?

"माझ्या जागी तुम्ही बसाल का, सार? पहिला घास खायचा, एवढंच काम."

पडत्या फळाची आज्ञा! परवानगीचा कागद त्याच संध्याकाळी आला. वर ‘सभेच्या मान्यतेच्या अधीन राहून’ असं लिहिलं होतं आणि खाली ‘होळिगे’, म्हणजे पुरणपोळी, ‘स्वल्प जास्त तूप घालून’ असं पेन्सिलीने.

ही व्यवस्था त्यांनी मोठ्या उमेदीने बायकोला सांगितली. श्यामलाबाईंनी गॅस बारीक केला. मग म्हणाल्या, "माझ्या हातचा पहिला घास सुब्बाराव खाणार?"

"नावापुरता गं. तत्त्वतः मीच."

"सरी," श्यामलाबाई म्हणाल्या. कानडीत सरी म्हणजे बरं. पण ज्या सुरात त्या म्हणाल्या, तो सूर कुठल्याच भाषेत बरा नव्हता.

छत्री लागली, तर समोरच्या नारळाची एक झावळी नेमकी उपग्रहाच्या वाटेत. वारा आला की चित्र येई, वारा पडला की जाई. नारळ शेजारच्या प्लॉटवरचा, त्याचा मालक म्हैसूरला, आणि झाडाला हात लावायचा तर कुठल्याशा कार्यालयात अर्ज. अर्ज घेणाऱ्याने विचारलं, "झाड पाडायचंय का?" "नाही, एक झावळी." "झावळीचा अर्ज नसतो. झाड पाडायचं असेल तर सांगा." एका झावळीसाठी अख्खा नारळ पाडणं काही पद्मनाभरावांच्याने होईना. छत्री उचलून पाण्याच्या टाकीवर नेली तेव्हा कुठे झावळी वाटेतून गेली. मग टाकीचं झाकण उघडेना, आणि ज्यांचं पाणी तपासायचं राहिलं त्यांनी जिन्यात गाठून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं.

दुसरं तोंड इंटरनेटचं. घरचं इंटरनेट अशक्त, म्हणून वरच्या मजल्यावरच्या सिद्धीचं घ्यायचं ठरलं. ही पुण्याची मुलगी, महादेवपुऱ्याकडच्याच कुठल्या कंपनीत, पण काम सगळं घरून. "काका, नो इश्यूज, घ्या की वायर. फक्त संडेला माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, तेव्हा बँडविड्थ थोडी खाईल," ती म्हणाली. पद्मनाभरावांनी ‘नो इश्यूज’ तेवढं ऐकलं आणि पुढचं वाक्य हवेत गेलं.

तिसरं तोंड केबलचं. घरात डबी होती ती सासूबाईंच्या खोलीत, आणि वसुमतीबाईंनी ऐंशीच्या घरात पोचल्यावर आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टींवरचा हक्क सोडला असला तरी त्या डबीवरचा सोडला नव्हता. "जावईबापू, माझ्या डबीला हात लावायचा नाही. मी खाली येणार नाही, माझे गुडघे येऊ देत नाहीत. मी इथंच माझी लेक बघीन," त्यांनी बजावलं. तेव्हा तिसरी वायर सुब्बारावांच्या डबीतून, त्यांच्या खिडकीतून खाली सोडली. सुब्बारावांच्या पत्नी पुष्पावतीअक्का यांनी पहिल्याच दिवशी तिच्यावर टॉवेल वाळत घातले. त्यांना पद्मनाभरावांनी हात जोडून सांगितलं, "अक्का, तुमच्या टीव्हीवर जे लागेल तेच खाली दिसणार. त्या वेळी रिमोटला हात लावायचा नाही." अक्का म्हणाल्या, "मी कशाला लावू? आमचे हे टीव्हीवर येणार, मी डोळासुद्धा मिटणार नाही."

यंत्र पार्किंगमध्ये मांडून झालं, आता राहिले नियम. चित्र गोठलं आणि आवाज बंद पडला, तर किती वेळ वाट बघून तोंड बदलायचं, हे यंत्राला सांगावं लागतं. कारखान्याने दहा सेकंद ठेवली होती. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाने ताक फुंकावं तसं पद्मनाभरावांनी ती कमी करत करत दोनवर आणली. सिद्धी म्हणाली, "काका, हे फार अ‍ॅग्रेसिव्ह होतंय. एखादी बाई नुसती गप्प बसली तरी ते उडी मारेल."

"श्यामला गप्प बसेल असं तुला वाटतं?" पद्मनाभराव हसले. वरच्या खिडकीतून वसुमतीबाईंनी खाकरून आपण ऐकलं असल्याचं कळवलं.

दुसरा नियम असा केला, की एकदा दगा दिलेल्या तोंडावर लगेच विश्वास टाकायचा नाही. त्याने पाच मिनिटं नीट वागून दाखवलं तरच परत जायचं. आणि बिल्डिंगमधल्या कोणी बटणं दाबू नयेत म्हणून यंत्राला कुलूप घातलं. कुलपाचा आकडा म्हणून स्वतःच्या लग्नाची तारीख टाकली, कारण ती माणूस कधी विसरत नाही.

रविवार उजाडला. श्यामलाबाई जांभळं इरकल नेसून, डब्यात पुरण घेऊन निघाल्या. मागे सुब्बाराव, कोट घालून, सकाळपासून उपाशी. दारात श्यामलाबाई थांबल्या. "अजून वेळ आहे. येताय?" पद्मनाभरावांच्या तोंडात स्क्रू होते. त्यांनी हाताने ‘जा जा, इथलं मी बघतो’ असं केलं.

संध्याकाळी पार्किंग भरलं. पहिल्या तोंडाने चित्र आलं आणि असं स्वच्छ आलं, की श्यामलाबाईंच्या नाकातली चमकीसुद्धा चमकली. यंत्रावर तीन हिरवे दिवे ओळीने लागले होते. ‘स्वल्प ताळी सार, शाभास!’ मागून कोणीतरी ओरडलं. पद्मनाभरावांची छाती वर्षभरात पहिल्यांदा भरून आली. खरं सांगायचं तर ते पडद्याकडे बघतच नव्हते, दिव्यांकडे बघत होते.

पोळी तव्यावर टम्म फुगली. तुपाची धार पडली. परीक्षक माना डोलवू लागले. सूत्रसंचालन करणारी रूपश्री खुर्चीपाशी गेली आणि कोटातल्या सुब्बारावांच्या खांद्यावर हात ठेवून लाडिकपणे म्हणाली, "आणि हे आपले यजमानरु! किती वाट बघतायत बघा! श्यामलक्का, भरवा ना यजमानांना पहिला घास!"

सुब्बारावांनी आ केला. श्यामलाबाईंचा हात घासासकट हवेत थांबला. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. बोलल्या नाहीत, हलल्या नाहीत. सगळा स्टुडिओ गप्प झाला.

एक. दोन. टक्!

यंत्राला वाटलं चित्र गोठलं. ते तत्परतेने दुसऱ्या तोंडावर गेलं. तिथं सिद्धीचं रिलीज इंटरनेट खात बसलं होतं, त्यामुळे पडद्यावर नुसतं एक चाक गरगरायला लागलं. यंत्राने तेही नाकारलं आणि तिसऱ्या तोंडावर उडी घेतली. तिसरं तोंड पुष्पावतीअक्कांचं. आपला नवरा दुसरीचा यजमान म्हणून आ करून बसलेला साऱ्या राज्याने बघितला, हे अक्कांना सहन झालं नव्हतं आणि त्यांनी तणतणत रिमोट दाबला होता. पडद्यावर एका मालिकेतली सासू सुनेच्या थोबाडीत मारत होती. चित्र हलत होतं, आवाज दणदणीत होता. यंत्र समाधानाने गुरगुरलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं.

पार्किंगमध्ये हलकल्लोळ झाला. "स्वल्प ताळी, स्वल्प ताळी!" पद्मनाभराव ओरडले आणि त्या ओरडण्यावरच लोक हसत सुटले. त्यांनी कुलपाचा आकडा दाबला. चूक. पुन्हा दाबला. चूक. सतरा की एकोणीस? मे की जून? तिसऱ्यांदा चुकलं तर यंत्र तासभर कोणाचं ऐकणार नव्हतं. माणूस बुडायला लागला की लाज सोडतो. पद्मनाभराव खिडकीखाली धावले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "आई! आमचं लग्न किती तारखेला झालं हो?"

खिडकीत वसुमतीबाई आल्या. डोळ्याला पदर लावलेला. "आता विचारताय? आता विचारून काय उपयोग, जावईबापू?" एवढं बोलून त्यांनी खिडकी लावून घेतली.

पाच मिनिटं पुरी झाली, पहिलं तोंड विश्वासाला पात्र ठरलं आणि चित्र परत आलं तेव्हा भलत्याच एका बाईंच्या डोक्यावर बक्षिसाचा मुकुट ठेवत होते. श्यामलाबाई कडेला उभ्या होत्या. हातात डबा होता. लोक खुर्च्या घड्या करून निघून गेले. जाताना कोणी काही टोमणासुद्धा मारला नाही, आणि पद्मनाभरावांना तेच जास्त लागलं. ते जिना चढून सासूबाईंच्या खोलीच्या दारात उभे राहिले. पोट सुटलेला जुना टीव्ही एकाच वायरीवर बिनबोभाट चालू होता.

"काय झालं हो तिथं?" त्यांनी विचारलं.

"काय व्हायचं? तुमचं यंत्र आंधळं, माझी डबी नाही," वसुमतीबाई म्हणाल्या. "ती मुलगी म्हणाली, यजमानांना भरवा. माझी लेक जरा थांबली आणि म्हणाली, हे माझे यजमान नव्हेत, हे बॅकअप आहेत. सगळे हसले. मग म्हणाली, पुरणपोळीला बॅकअप नसतो, पहिला घास माझ्या माणसाचा आहे, तो मी घरी नेईन. आणि घास डब्यात ठेवून झाकण लावलं. परीक्षक म्हणाले, घास भरवला नाही तर नियमाने बाद. ती म्हणाली, करा बाद."

पद्मनाभराव दाराच्या चौकटीला टेकले. तासाभराने जिन्यावर पावलं वाजली, तरी ते तिथंच होते. आधी सुब्बाराव आले, भुकेने कोमेजलेले. "अय्यो, पतंगे, एक घास नाही मिळाला हो मला!" ते रडवेल्या आवाजात म्हणाले. समोरचं दार उघडून पुष्पावतीअक्का बाहेर आल्या. नवऱ्याला उपाशी ठेवणाऱ्या श्यामलाबाईंकडे त्यांनी अतिशय प्रेमाने बघितलं आणि सुब्बारावांना कॉलरला धरून आत नेलं.

श्यामलाबाईंनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात पाट मांडला. पद्मनाभराव न बोलावता येऊन बसले. बाईंनी डबा उघडला. तव्यावर टम्म फुगलेली ती पोळी आता बसली होती, तूप थिजलं होतं. त्यांनी तो घास उचलला आणि नवऱ्याच्या तोंडापुढे धरला.

"गार झालाय," त्या म्हणाल्या.

पद्मनाभरावांनी तो घेतला. चावला नाही, गिळला नाही. तोंडात घास तसाच, डोळे भरलेले, आणि सव्वीस वर्षांत सुचलं नाही ते सगळं एकदम बोलायचं होतं म्हणून एक शब्दही फुटेना. ते बसून राहिले.

श्यामलाबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग दाराकडे तोंड करून हाक मारली.

"आई, ह्यांचं चित्र गोठलंय बघ गं. दोन नंबर लावू का?"